घंटा किटमधून काढा: कोल्हापूरच्या रायडिंग ग्रुपना एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या समस्त रायडिंग ग्रुपचे ॲडमिन, कॅप्टन आणि सभासद

मंडळी, नमस्कार.

तुमच्यातल्या एका ग्रुपनं यंदाच्या सभासद किटमध्ये टी-शर्ट, स्टिकर, तोंडाला बांधायचा बफ आणि त्याबरोबर एक छोटी 'गार्डियन बेल', म्हणजे गाडीला बांधायची राखणदार घंटा, द्यायचं ठरवलं आहे. पैसे ऑनलाइन भरायचे, किट घरपोच. गाडीला घंटा दिसली नाही तर ग्रुप राईडला प्रवेश नाही, असा नियमही केलाय म्हणे. त्या ग्रुपचं नाव मी लिहीत नाही. आणखी एकदोन ठिकाणी हीच चर्चा सुरू असल्याचं गॅरेजात बसल्या बसल्या कानावर येतं, म्हणून पत्र सगळ्यांनाच. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो: घंटा किटमधून काढा. गाडीवरून काढा म्हणत नाही, किटमधून काढा.

मी उद्यमनगरात दुचाकीचं गॅरेज चालवतो. गाडी रॅम्पवर चढली की मालकाचा सगळा देवधर्म माझ्या डोळ्यांसमोर येतो. पुढच्या शॉकपला गुंडाळलेला काळा दोरा, तेल आणि धूळ खाऊन इतका घट्ट झालेला की कटर लावावा लागतो. हेडलाइटच्या मागं वायरिंगमध्ये खोचलेली काळी बाहुली. मडगार्डखाली वाळून दगड झालेलं लिंबू. जोतिबाला जाऊन आलेल्या गाडीचा गुलाल तर पुढचे दोन-तीन वॉश खातो, प्लगच्या खाचेतसुद्धा सापडतो. लडाख करून आलेल्यांच्या हॅन्डलला पाच रंगांच्या तिबेटी पताका, आणि पन्हाळ्याच्या पलीकडं न गेलेल्यांच्याही. अलीकडं त्यात या घंटेची भर पडली. लेग गार्डच्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या पेराएवढी. कवटीची, गरुडाची, पंखांची, आता गणपतीचीही.

यातलं काहीही मी स्वतःहून काढत नाही. दोरा ब्रेकच्या केबलला अडत असेल तर मालकाला विचारून इंचभर बाजूला बांधतो. टाकीवर जे चिकटवलेलं असतं ते जगाला दाखवायला असतं, पण खाली चिखलाच्या पट्ट्यात जे बांधलेलं असतं ते माणसानं स्वतःच्या, नाहीतर घरच्यांच्या काळजीपोटी बांधलेलं असतं. त्यावर मी बोलणार कोण? बोलतोय ते एवढ्यासाठी, की घंटेची मूळ गोष्ट तुमच्या किटच्या नेमकी उलटी आहे. किट मागवणाऱ्यांना ती माहीत नसावी. माहीत असूनही मागवलं असेल तर मग कठीण आहे.

या घंटेच्या मुळाशी एक भूत आहे. ग्रेमलिन त्याचं नाव. १९२० च्या दशकात ब्रिटिश हवाई दलात ते जन्माला आलं. विमानं नवी, इंजिनं बेभरवशाची. जमिनीवर सगळं तपासून वर गेलेलं विमान मध्येच खोकायला लागायचं, काटा खोटं बोलायचा, चालू असलेली वस्तू बंद पडायची. मेकॅनिक म्हणणार, मी नीट केलं होतं. पायलट म्हणणार, मी नीट उडवत होतो. आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असायचे. मग खापर फोडायचं कुणावर? इंजिनात शिरून नट सैल करणाऱ्या, तारा कुरतडणाऱ्या या चिमुकल्या खोडसाळ भुतांवर. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा एवढा बोलबाला झाला की अमेरिकेतल्या कारखान्यांत कामगारांना सावध करणाऱ्या पोस्टरांवरही ती झळकली. रोआल्ड डाल हा लेखक त्या हवाई दलात पायलट होता, १९४० मध्ये इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात विमान आदळून जबर जखमी झालेला. त्यानं १९४३ मध्ये याच भुतांवर पोरांसाठी पुस्तक लिहिलं. मला स्वतःला ग्रेमलिन आवडतो. गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्यातली भांडणं त्यानं जेवढी मिटवली असतील तेवढी कुठल्या ग्राहक मंचानं मिटवली नसतील. आमच्याकडं तो नाही, त्यामुळं सगळं आमच्याच डोक्यावर येतं.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत परतलेल्या बऱ्याच सैनिकांनी मोटारसायकली घेतल्या, टोळक्यानं फिरायला लागले, क्लब काढले. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात १९४७ साली त्यांनी घातलेल्या धुडगुसाची बातमी देशभर गाजली, आणि बाइकवाला म्हणजे दांडगट ही प्रतिमा तिथून पक्की झाली. आकाशातलं भूत रस्त्यावर उतरलं ते याच मंडळींच्या मागं बसून, असं मानलं जातं. रस्त्यावर उतरल्यावर त्याचे उद्योग बदलले. घंटेबरोबर छोटं कार्ड येतं, त्यावर ते छापलेले असतात: इंडिकेटर लागत नाही, बॅटरी उतरते, क्लच पुन्हा पुन्हा सैल होतो, हे सगळं रस्त्यावरची भुतं गाडीला चिकटून करतात. घंटा खाली टांगली की भूत तिच्या पोकळीत अडकतं, सततच्या किणकिणाटानं त्याचं डोकं फिरतं आणि ते रस्त्यावर गळून पडतं. जिथं पडतं तिथं खड्डा होतो. हे शेवटचं वाचून आमचा हेल्पर म्हणाला, मग आपल्या गावात घंटा लई खपल्या असणार.

याचा कागदी पुरावा मागू नका, ही शेकोटीभोवतीची गोष्ट आहे. पण घंटा आली कशी, याची जी कथा रायडर सांगतात ती नीट ऐकण्यासारखी आहे. डिसेंबरची थंडगार रात्र. एक म्हातारा रायडर मेक्सिकोतून परत निघालेला, बॅगा खेळण्यांनी भरलेल्या, आश्रमातल्या पोरांसाठी. सीमा ओलांडून चाळीसेक मैल आल्यावर उजाड माळावर भुतांनी त्याला गाठलं. गाडी आडवी, बॅग फाटलेली, खेळणी रस्ताभर. भुतं अंगावर यायला लागली तशी तो हाताला लागेल ते खेळणं फेकत राहिला. शेवटी फेकायला काही उरलं नाही, हाताला एक घंटा लागली, ती तो जीव खाऊन वाजवत बसला. थोड्या अंतरावर मुक्काम टाकलेल्या दोन रायडरनी तो आवाज ऐकला. ओळख ना पाळख, तरी धावत आले आणि भुतांना हुसकावून लावलं. म्हाताऱ्यानं पैसे पुढं केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मग त्यानं बॅगेच्या चामड्याच्या दोन पट्ट्या कापल्या, एकेकीत एकेक घंटा ओवली आणि दोघांच्या गाड्यांना होईल तितक्या खाली, जमिनीजवळ बांधून दिली. अडचणीत आलात तर वाजवा म्हणाला, जवळपासचा रायडर येईल.

आता या गोष्टीत म्हाताऱ्याला वाचवलं कुणी? घंटेनं फक्त हाक मारली. वाचवलं दोन माणसांनी, आणि तीही पैसे न घेणारी. म्हणजे पहिली घंटा ही आभार म्हणून दिलेली आहे. देणारा एक, घेणारा एक, आणि दोघांमध्ये काहीतरी घडून गेलेलं. ती कुणी दुकानातून उचललेली नव्हती.

पुढं नियम तयार झाले, तेही याच धाग्यावरचे. जुन्या कार्डावर एवढंच असायचं की स्वतः घेतलेली घंटा काम करते, पण मित्रानं किंवा जिवलगानं दिली तर तिची ताकद दुप्पट. रायडरांच्या तोंडी तो नियम कडक होत गेला आणि स्वतः घेतलेली घंटा लागूच पडत नाही, असं म्हणणारे तयार झाले. घंटा चोरली तर मालकाच्या मागची सगळी पीडा चोराच्या मागं लागते. गाडी विकली तर घंटा काढून ठेवायची, गाडीबरोबर द्यायची नाही. सगळे नियम माणसाचे आहेत बघा, धातूबद्दल एक अक्षर नाही. भुताची भीती मागं पडत गेली आणि 'तू सुखरूप परत ये' एवढाच अर्थ वर आला. अमेरिकेत आज बायको नवऱ्याला घंटा देते, बाप पोरीला देतो, गेलेल्या मित्राच्या आठवणीत देतात. भुतावर कुणाचाच विश्वास नसतो, आणि त्यानं काही बिघडतही नाही.

बाजारानं याच्यावरही तोड काढली. भेट द्यायलाच हवी ना, मग मखमली थैलीसकट गिफ्ट बॉक्स घ्या. तिथवरही ठीक होतं, निदान दुसऱ्यासाठी घ्यायचे. आता तुमचं किट आलं. सभासदानंच पैसे भरायचे, सभासदालाच कुरिअर यायचं, आणि ग्रुपनं म्हणायचं की आम्ही तुला घंटा दिली. राखी स्वतः विकत घेऊन स्वतःच्याच मनगटाला बांधावी, तसला हा प्रकार.

कुणी म्हणेल, परदेशी खूळ आहे, त्याचे नियम आपण कशाला पाळायचे? परदेशी म्हणून हिणवण्यासारखं त्यात काही नाही. आपल्या घरात पूजेला बसल्यावर घंटा वाजवताना म्हणतात तो मंत्र आठवा: आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्. देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं यासाठी हा नाद. मेक्सिकोच्या सीमेवरच्या म्हाताऱ्यानं दुसरं काय केलं? आणि रस्त्यावरची घंटा तर आपल्याला मोटारीच्या आधीपासून ठाऊक आहे. ब्रिटिशांच्या काळात टपालाची थैली घेऊन रानातून पळणाऱ्या हरकाऱ्याच्या भाल्याला घुंगरं असायची, जनावर बाजूला व्हावं आणि पुढच्या ठाण्याला चाहूल लागावी म्हणून. बैलांच्या गळ्यात घागरमाळा असायच्या, त्या बेंदराला मिरवण्यापुरत्या नव्हत्या. अंधारात समोरून गाडी येतेय हे त्या आवाजावरूनच कळायचं, आणि माळावर चुकलेलं जनावरही त्यावरूनच सापडायचं.

अर्थ बदलण्याचं म्हणाल तर त्याचंही मला वावडं नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली एक भीमाशंकरला आहे, एक मेणवलीला. चर्चमध्ये प्रार्थनेला बोलावणारी घंटा महादेवासमोर वाजायला लागली, आणि आज भाविक तिला हात लावूनच पुढं जातात. आपल्या अंबाबाईच्या देवळाचा उत्तरेचा दरवाजा घाटी दरवाजा म्हणून ओळखला जातो, तोही घंटेवरूनच. वस्तू हात बदलते तसा तिचा अर्थ बदलणारच. माझी तक्रार आहे ती मधला हातच काढून टाकण्याबद्दल.

तिबेटी पताकांचं हेच झालं, ते तुमच्या डोळ्यांदेखत झालं. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी: आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. मधोमध वाऱ्याचा घोडा आणि मंत्र. वाऱ्यानं फडफडून मंत्र सगळ्यांकडं पोचावेत म्हणून त्या उंच जागी बांधतात, आणि त्या विटत गेल्या की वाईट मानत नाहीत, वाऱ्यानं आपलं काम केलं असं समजतात. जमिनीला मात्र त्या लागू द्यायच्या नसतात. आपल्याकडं त्या आता ॲक्सेसरीच्या दुकानात हातमोज्यांच्या शेजारी लटकतात आणि गाडीच्या मागच्या नंबरप्लेटखाली, थेट चाकाच्या चिखलात बांधल्या जातात. जरा सैल झाल्या की चेनमध्ये जातात. मी स्प्रॉकेटमधून मंत्र उपसून काढलेले आहेत, याहून जास्त काय सांगू? पताका मनापासून हव्या असतील तर कर्नाटकात मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जा. लडाखपेक्षा जवळ आहे, रस्ता बरा आहे, आणि तिथली तिबेटी मंडळी त्या कशा बांधायच्या तेही सांगतील.

लिंबू-मिरचीबद्दल थोडंच लिहितो, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं, ती दारातच खाऊन तृप्त होऊन परत जाते, आत येत नाही, ही मूळ समजूत. हल्ली व्हॉट्सॲपवर तिला शास्त्र चिकटवतात: पूर्वी प्रवासात साप चावला तर विष चढलंय का हे मिरची चावून बघायचे, वगैरे. आणि दुसरीकडं प्लॅस्टिकची लिंबू-मिरची निघाली आहे, शनिवारी बदलायला नको. प्लॅस्टिक खाऊन अलक्ष्मी तृप्त होत असेल तर तिचंही कठीणच म्हणायचं.

राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर ओम बन्नांचं ठाणं आहे, तुमच्यातले काहीजण जाऊन आले आहेत. अपघातात गेलेल्या एका तरुणाची बुलेट तिथं काचेत ठेवली आहे. पोलिसांनी ठाण्यात नेलेली गाडी रात्री आपोआप अपघाताच्या जागी परत यायची, अशी आख्यायिका. येणारे-जाणारे ड्रायव्हर थांबून हात जोडतात. चमत्कार बाजूला ठेवा, पण त्या रस्त्यावर शेकडो माणसं रोज गाडी थांबवतात आणि इथं एकजण गेला होता हे आठवून पुढं निघतात. एवढं झालं तरी ते ठाणं कामाचं आहे, असं माझं मत.

आता जरा कडू बोलतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट नसलेली ५०,०२९ होती, चालवणारी आणि मागं बसणारी धरून. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट आहे, १,००० रुपये दंड आहे, तीन महिने लायसन्स निलंबित व्हायची तरतूद आहे. आणि आपल्याकडं काय चालतं? रविवारी सकाळी गगनबावड्याला निघालेला ग्रुप मी बघतो. रंकाळ्यावर जमताना हेल्मेट कोपरात. फोटो काढताना आरशाला. फुलेवाडी मागं पडली की मग डोक्यावर, कारण पुढं 'राईड' सुरू होते. गावात जणू डांबर मऊ असतं. आता या मंडळींना घंटा सक्तीची. ज्या ग्रुपला घराच्या दारापासून हेल्मेटची सक्ती करता आली नाही त्यानं घंटेची करावी, हा नाद खुळाच म्हणायचा.

शाहू महाराजांच्या गावात गॅरेजवाला अंधश्रद्धेला खतपाणी घालतोय, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो: घंटेमुळं ब्रेक लागलेला मी अजून पाहिलेला नाही. टायरमध्ये हवा ती भरत नाही. पण घंटा बांधण्याच्या कृतीत एक गोष्ट आहे, ती मेकॅनिक म्हणून माझ्या लक्षात आली आणि तिच्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

घंटा बांधायची कुठं? होईल तितक्या खाली. आणि ती बांधायला माणसाला गाडीशेजारी जमिनीवर बसावं लागतं, मान वाकडी करून इंजिनाच्या पोटाखाली बघावं लागतं. शोरूममधून गाडी आणल्यापासून बहुतेक मालक तिथं कधी डोकावलेले नसतात. टाकी पुसतात, आरसे पुसतात, सायलेन्सर आरशासारखा करतात. खाली ड्रेन बोल्टमधून थेंब थेंब ऑइल गळतंय, साइड स्टँडची स्प्रिंग ताणून गेलीय, फुटरेस्टचा बोल्ट अर्धा बाहेर आलाय, चेन लोंबतेय, हे त्यांना ठाऊक नसतं. दुसऱ्याच्या गाडीला घंटा बांधायला तुम्ही खाली बसलात तर हे तुम्हाला दिसणारच. आणि दिसल्यावर, ज्याला सुखरूप परत ये म्हणताय त्याला तुम्ही ते न सांगता उठाल का? कार्डावरच्या भुतांची यादी पुन्हा वाचा: इंडिकेटर, बॅटरी, क्लच. ही आमच्या गॅरेजातली रोजची कामं आहेत. भुतं खालूनच येतात हे त्यांचं बरोबर आहे, फक्त त्यांना पान्यानं पकडता येतं.

कुरिअरनं आलेली घंटा मालक स्वतः बांधतो, तीही घाईत, केबल टायनं, जिथं हात पोचेल तिथं. मी ती गिअर लिव्हरला बांधलेली पाहिलीय, सायलेन्सरच्या क्लॅम्पला पाहिलीय, आणि एका पठ्ठ्यानं तर पुढच्या डिस्कच्या कॅलिपरला. भूत पळेल न पळेल, ती डिस्कमध्ये गेली असती तर त्याचा इस्कोटच झाला असता.

तेव्हा माझं म्हणणं असं. नवा सभासद आला की त्याला टी-शर्ट द्या, स्टिकर द्या, घंटा देऊ नका. वर्षभर तो तुमच्याबरोबर फिरू दे. आंबा घाटात पावसात कसा चालवतो, दुसऱ्याचं पंक्चर झाल्यावर थांबतो की पुढं जाऊन मिसळ मागवतो, हे कळू दे. मग ग्रुपमधल्या ज्या कुणाला वाटेल त्यानं, स्वतःच्या पैशानं, त्याला घंटा द्यावी. कॅप्टननं नेमून दिलेल्या माणसानं नको. ज्याला कुणाकडूनच मिळाली नाही त्याच्या गाडीवर नसेल, आणि त्याला राईडला येऊ द्या. देणाऱ्यानं घंटा स्वतःच्या हातानं बांधायची आणि बांधताना गाडी खालून बघायची, एवढी एकच अट ठेवा. बघायचं म्हणजे काय तेही सांगतो. चेनची ढिलाई कंपनीच्या पुस्तकात दिलीय तेवढीच आहे का, पुढच्या शॉकपच्या सीलमधून तेल येतंय का, टायर झिजून खाचेतल्या खुणेपर्यंत आलाय का, ब्रेक पॅड किती राहिलेत, लेग गार्डचे क्लॅम्प हलतात का. दहा मिनिटांचं काम. काही सापडलं तर घंटा खिशात ठेवायची आणि दुरुस्ती झाल्यावर बांधायची. आणि त्या दिवसापासून त्याचा फोन रात्री आला तर उचलायचा, कारण त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीत घंटा ऐकून कुणीतरी आलं होतं. मागच्या सीटवर बसणाऱ्या बायकापोरांनाही हा हक्क द्या. घरच्यांनी दिलेली घंटा ग्रुपच्या घंटेपेक्षा कमी धरू नका.

गाडी विकताना घंटा काढून घ्या, हीदेखील विनंती. सेकंडहँड गाडीबरोबर येणाऱ्या घंटेचं नव्या मालकाला काय करावं कळत नाही, आणि तो ती माझ्या काउंटरवर ठेवून जातो.

एक गोष्ट कोल्हापूरकर म्हणून. त्या किटातली घंटा मी हातात घेऊन बघितली. हलकी, जस्ताच्या मिश्रधातूची, वर सोनेरी मुलामा. वाजवली तर टक् असा आवाज येतो, नाद नाही. अमेरिकेतल्या चांगल्या घंटा प्यूटरच्या असतात, म्हणजे मुख्यतः कथील, आपले कल्हईवाले वापरायचे तेच. ते मऊ असतं, नक्षी छान उमटते, पण घंटेचा खरा धातू कांसं. साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. देवळातल्या घंटेचा आवाज लांब रेंगाळतो तो त्यामुळं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीत देशातल्या बड्या वाहन कंपन्यांची कास्टिंग निघतात, हुपरीत चांदीचं घुंगरू घडतं ते देशभर जातं, आणि आपण घंटा मात्र ऑनलाइन मागवायची, टक् वाजणारी. ओतारी काम करणारे कारागीर अजून आहेत. शंभर घंटांची ऑर्डर घेऊन गेलात तर ते नाही म्हणणार नाहीत. ग्रुपचा लोगो घालू नका एवढंच. एका बाजूला देणाऱ्याचं नाव कोरायला जागा ठेवा.

जागेचं म्हणाल तर बहुतेक बुलेटना लेग गार्डचा खालचा बोल्ट बरा, उजव्या बाजूचा की डाव्या ते गाडीप्रमाणे, पण चेनच्या जवळ नको, एक्झॉस्टच्या पाइपाला लागेल अशी नको, आणि स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या कुठल्याही भागाला नको. केबल टाय उन्हानं तडकतो. स्टीलची कडी आणि दुहेरी नट लावा.

खंडेनवमीला आमच्याकडं पाने, रॅम्प, कॉम्प्रेसर सगळ्याला झेंडू चढतो. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारपर्यंत मी रॅम्प मोकळा ठेवतो. ज्यांना कुणाला एकमेकांच्या गाडीला घंटा बांधायची आहे त्यांनी जोडीनं या. पाना माझा, चहा तुमचा. एकट्यानं येऊ नका. एकटा आला तर मी सर्व्हिसिंगचं बिल करेन.

आता प्रश्न उरतो आधीच मागवलेल्या खोक्यांचा. परत जात नसतील तर फेकू नका, वाटूही नका. जुन्या सभासदांनी एकेक उचलावी, पैसे ग्रुपला द्यावेत, आणि कुणाला द्यायची ते आपलं आपण ठरवावं. कुणाला सुचलंच नाही तर ती खिशात राहू दे. ग्रुपमध्ये काय ठरलं ते कळवा. ॲडमिनना वेळ नसेल तर कुणाही सभासदाबरोबर निरोप दिला तरी चालेल, गाड्या इकडंच येतात.

आपला,
उद्यमनगरातला एक गॅरेजवाला